आठ तासांचा सुतार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या अभ्यासवर्गात आजवर मोठ्या माणसांची चरित्रे पुष्कळदा सांगितली गेली आहेत. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो माणूस त्या अर्थाने मोठा नव्हता. त्याने ग्रंथ लिहिला नाही, पक्ष स्थापन केला नाही, तो कोणत्या विधिमंडळातही बसला नाही. तो सुतार होता. लंडनमध्ये जन्मला, तिशीच्या उंबरठ्यावर असताना बोटीत बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि तेथे उतरल्यावर थोड्याच दिवसांत एका व्यापाऱ्याला त्याने बजावले की, तुमचे गोदाम मी बांधून देईन, पण दिवसाचे आठ तासच काम करीन. त्याचे नाव सॅम्युएल डंकन पार्नेल. साल १८४०, आणि गाव आज ज्याला आपण वेलिंग्टन म्हणतो ते, न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या दक्षिण टोकाचे.

हे चरित्र मी केवळ गौरवासाठी निवडलेले नाही. पार्नेलच्या आयुष्यात दोन प्रश्न एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत. श्रमिकाला हक्क कसा मिळतो, हा पहिला. आणि तो कोणाच्या भुईवर उभा राहून मिळतो, हा दुसरा. पहिला सांगायचा आणि दुसरा झाकायचा, किंवा दुसऱ्याच्या आवेशात पहिल्याचे मोल नाकारायचे, या दोन्ही सवयी पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींत आढळतात. मला आज दोन्ही प्रश्न आपल्यापुढे ठेवायचे आहेत.

प्रथम लंडन. पार्नेलचा जन्म १९ फेब्रुवारी १८१० चा. तो वयात आला तो काळ इंग्लंडच्या कष्टकऱ्यांसाठी विलक्षण ओढाताणीचा होता. यंत्रयुगाने घड्याळाला मालकाच्या हाती दिले होते. शेतावरचा मजूर सूर्याच्या मागे चालत असे. कारखान्यातला आणि कर्मशाळेतला मजूर घंटेच्या मागे धावू लागला. सकाळी सहाची घंटा झाली आणि माणूस जागेवर नसला, तर त्याच्या दिवसाची पाव मजुरी गेली. १८३३ च्या कारखाना कायद्याने नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, ही त्या काळची मोठी सुधारणा! तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाला बारा तास राबवण्याची मुभा त्याच कायद्याने दिली होती. प्रौढ पुरुषाच्या तासांना तर हात लावायचा नाही, कारण तो ‘स्वतंत्र’ आहे, आपल्या खुशीने करार करतो, असे अर्थशास्त्राचे पंडित सांगत होते. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही, त्याच्या खुशीला किती अर्थ असतो, हे पंडितांना कोणी विचारले नाही.

आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःसाठी, ही त्रिसूत्री रॉबर्ट ओवेनने १८१७ च्या सुमारास मांडली होती. म्हणजे कल्पना नवी नव्हती. लंडनच्या थिओबाल्ड्स रोडवरील एका मोठ्या सुतारशाळेत काम करीत असता तरुण पार्नेल आपल्या सोबत्यांशी कामाच्या तासांवरून वाद घालीत असे. १८३४ हे वर्ष तर संघटनांच्या लाटेचे. याच वर्षी देशभरच्या धंद्यांना एकत्र आणणारा महासंघ उभा राहिला, आणि याच वर्षी टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेसाठी शपथ घेतल्याच्या गुन्ह्याखाली ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. पार्नेललाही संघटनेत येण्याचा आग्रह झाला. त्याने विचारले, तुम्ही कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न हाती घेणार का? उत्तर अनुकूल मिळाले नाही, तेव्हा तो बाहेर राहिला आणि पुढे त्याने स्वतःचा लहानसा धंदा सुरू केला.

हे त्याचे वागणे बरोबर होते काय? एका मुद्द्यासाठी संघटनेपासून दूर राहणारा माणूस आपल्याला अवघड वाटतो, आणि वाटावाही. आत राहून भांडला असता तर बरे, असे मीही म्हणेन. परंतु लक्षात घ्या, ज्या मुद्द्यावर तो लंडनमध्ये एकटा पडला, त्याच मुद्द्यावर सहा वर्षांनी त्याने एक अख्खी वसाहत उभी केली. माणूस तोच होता. मग बदलले काय? हे समजण्यासाठी त्याला ज्यांनी समुद्रापार नेले त्यांचे गणित पाहावे लागेल.

त्या गणिताचा कर्ता एडवर्ड गिबन वेकफील्ड. एका धनाढ्य घरच्या अल्पवयीन मुलीला फसवून पळवल्याबद्दल हा गृहस्थ न्यूगेटच्या तुरुंगात तीन वर्षांची शिक्षा भोगत होता. तेथे बसून त्याने वसाहतींचे शास्त्र रचले आणि १८२९ मध्ये सिडनीहून लिहिलेले पत्र म्हणून प्रसिद्ध केले. सिडनी त्याने तोवर पाहिलेही नव्हते! त्याचा सिद्धान्त असा की, नव्या वसाहतीत जमीन स्वस्त किंवा फुकट मिळाली, तर मजूर दुसऱ्याच्या दारात राबणार नाही. तो स्वतःची शेती करील आणि भांडवलदाराला माणूस मिळणार नाही. म्हणून जमिनीची किंमत मुद्दाम इतकी चढी ठेवावी की, मजुराला ती घेण्यापूर्वी काही वर्षे मजुरी करणे भाग पडावे. आणि जमीन विकून जो पैसा येईल त्यातून इंग्लंडहून आणखी मजूर आणावेत. जुने मजूर जमीनदार होऊन निसटले तरी नवे हजर!

कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाचे अखेरचे प्रकरण याच वेकफील्डवर लिहिले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. वेकफील्डनेच सांगितलेला पील नावाच्या गृहस्थाचा दाखला त्यात येतो. हा पील पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वान नदीच्या वसाहतीत पन्नास हजार पौंडांची साधनसामग्री आणि तीन हजार कष्टकरी माणसे घेऊन गेला, असे वेकफील्ड सांगतो. तेथे पोहोचताच माणसे पांगली, आणि पीलसाहेबांचे अंथरूण घालायलाही कोणी उरले नाही. सर्व काही बरोबर नेले, पण इंग्लंडातले उत्पादनसंबंध तेवढे बोटीत चढवायचे राहिले, असा मार्क्सचा उपरोध आहे. भांडवल म्हणजे वस्तू नसून माणसामाणसांतील संबंध आहे, हा सिद्धान्त याहून सोप्या रीतीने क्वचितच सांगितला गेला असेल. युरोपात ज्या गोष्टीवर अर्थशास्त्री पांघरूण घालतात, ती वेकफील्ड वसाहतीच्या निमित्ताने उघड बोलून गेला: मजूर मजूर राहावा म्हणून त्याला जमिनीपासून तोडावे लागते.

हेच शास्त्र घेऊन न्यूझीलंड कंपनी निघाली. वेलिंग्टनच्या वसाहतीसाठी तिने अकराशे वाटे पाडले. प्रत्येक वाट्यात शहरातला एक एकर आणि बाहेरचे शंभर एकर. भाव एकरी एक पौंड. जमीन प्रत्यक्ष ताब्यात येण्यापूर्वीच लंडनमध्ये तिची विक्री सुरू झाली. जमिनीचे हक्क घेणाऱ्यांत पुष्कळ जण असे होते की, ज्यांना कधीही तेथे जायचे नव्हते. त्यांना भाव वाढण्याची वाट पाहायची होती.

सप्टेंबर १८३९ मध्ये पार्नेलने मेरी ॲन कॅनहॅम या विधवेशी लग्न केले, आणि थोड्याच दिवसांत ते दोघे ‘ड्यूक ऑफ रॉक्सबर्ग’ या जहाजाने निघाले. ८ फेब्रुवारी १८४० रोजी जहाज बंदरात शिरले. किनाऱ्यावर ब्रिटानिया नावाची वसाहत होती, म्हणजे तंबू, गवताच्या झोपड्या आणि वाळूत पडलेले सामान. पहिले जहाज येऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

त्याच जहाजातून जॉर्ज हंटर हा व्यापारी आला होता. हा कंपनीचा कोठीप्रमुख. पुढे १८४२ मध्ये तो वेलिंग्टनचा पहिला महापौर झाला. माल उघड्यावर पडलेला, त्यामुळे त्याला गोदाम हवे होते, आणि तेही लवकर. त्याने पार्नेलला विचारले. पार्नेलने उत्तरायुष्यात या बोलण्याची जी हकिकत सांगितली ती अशी. काम करीन, तो म्हणाला, पण अट एक: दिवसाला आठच तास. दिवसाचे तास चोवीस. त्यांतले आठ कामाला, आठ झोपेला, आणि उरलेले आठ करमणुकीला व माणसाच्या स्वतःच्या लहानसहान उद्योगांना. हंटरने लंडनची आठवण करून दिली: तेथे सहाची घंटा होते आणि उशिरा येणाऱ्याचा पाव दिवस कापला जातो, हे तुला ठाऊकच आहे. पार्नेलने उत्तर दिले, आपण आता लंडनमध्ये नाही.

मित्रहो, या उत्तरात शौर्य आहे यात शंका नाही. पण शौर्याच्या मागे एक हिशेबही आहे. त्या वेळी सगळ्या वसाहतीत सुतार होते तीन! हंटरला पार्नेलवाचून दुसरा माणूस मिळणे कठीण होते. थिओबाल्ड्स रोडवर हेच वाक्य बोलणाऱ्या सुताराला मालकाने दार दाखवले असते आणि दुपारपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा केला असता. जे लंडनमध्ये सहा वर्षांपूर्वी अशक्य होते, ते वेलिंग्टनच्या वाळूवर पाच मिनिटांत शक्य झाले, कारण मालकाच्या पाठीशी बेकारांची फौज नव्हती. वेकफील्डच्या शास्त्राला पडलेले हे छिद्र होते. मजुरांचा अखंड पुरवठा व्हावा म्हणून त्याने योजना आखली, परंतु पहिले काही महिने पुरवठा पोहोचला नव्हता, आणि नेमक्या त्याच फटीत पार्नेलने आपली पटाशी घातली.

येथे कथा संपली असती, तर ती एका हुशार कारागिराच्या सौदेबाजीची कथा ठरली असती. आपल्याला तिच्यात फारसे शिकण्यासारखे नव्हते. फट बुजणारच होती, कारण जहाजांमागून जहाजे येत होती आणि त्यांतून गवंडी, सुतार, खोदकामे करणारे उतरत होते. तीन सुतारांचे तीस झाले असते, म्हणजे आठ तासांचे पुन्हा दहा-बारा झाले असते. पार्नेलचे खरे मोठेपण यापुढच्या गोष्टीत आहे. कामगारांना घेऊन जहाज आले की तो किनाऱ्यावर जाई, उतरणाऱ्यांना गाठी आणि सांगे की येथे रिवाज आठ तासांचा आहे; त्याहून अधिक कोणी करीत नाही, तुम्हीही करू नका. माणूस मालकाच्या दारात पोहोचण्यापूर्वी त्याला गाठणे! आपल्यापैकी ज्यांनी गिरणीच्या किंवा कारखान्याच्या फाटकावर पत्रके वाटली आहेत, त्यांना या कामाचे मोल सांगायला नको.

ऑक्टोबर १८४० मध्ये कामगारांची सभा भरली. ठराव झाला की काम सकाळी आठ ते सायंकाळी पाच, मध्ये एक तास जेवणाची सुटी; आणि जो कोणी याहून अधिक तास काम पत्करील त्याला बंदराच्या पाण्यात बुडवून काढावे. हा दंड आज आपल्याला गमतीचा वाटेल. पण त्यात एक गंभीर जाणीव आहे: आठ तासांचा करार प्रत्येकाने आपापल्या मालकाशी करायचा नाही, तो सर्वांचा आहे, आणि मोडणारा सर्वांचे नुकसान करतो. लंडनमध्ये संघटनेबाहेर राहिलेला माणूस येथे संघटनेच्या मुळाशी आला, तो असा.

कसोटी लवकरच लागली. १८४१ मध्ये बंदराच्या कडेने हट खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम चालू होते. तेथील मजुरांना तास वाढवण्याचा हुकूम झाला. त्यांनी अवजारे खाली ठेवली, आणि आठ तास मान्य होईपर्यंत उचलली नाहीत. १८४९ मध्ये दक्षिणेकडील ड्युनेडिन येथे कॅप्टन कारगिल या वसाहतप्रमुखाने दहा तासांचा आग्रह धरला, तेव्हा सॅम्युएल शॉ या रंगाऱ्याने पुढाकार घेऊन तो मोडून काढला. १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवून, मिरवणुकीने जाऊन आठ तास पदरात पाडून घेतले. यांपैकी एकाही जागी कायद्याने पुढाकार घेतला नव्हता. हक्क आधी कामाच्या जागी रुजला. पुस्तकात पुष्कळ नंतर आला.

आता दुसरा प्रश्न. ज्या वाळूवर पार्नेल उभा होता ती कोणाची होती?

ते बंदर माओरींचे ‘ते व्हांगानुई-आ-तारा’. तेथे ते आतिआवा आणि त्यांचे नातेसंबंधी गण राहत होते. सप्टेंबर १८३९ मध्ये, म्हणजे पार्नेल लंडनमध्ये लग्नाच्या गडबडीत होता त्याच महिन्यात, कंपनीचा प्रतिनिधी विल्यम वेकफील्ड याने तेथील प्रमुखांकडून एका कागदावर खुणा करून घेतल्या. मोबदल्यात बंदुका, तांबडी घोंगडी, तंबाखू, छत्र्या, रात्रीच्या टोप्या असा माल दिला. दुभाषा होता एक देवमाशांचा शिकारी, ज्याचे माओरी भाषेचे ज्ञान कामचलाऊ होते. इंग्रज कायद्यातील कायमची खरेदी म्हणजे काय हे त्याला त्या भाषेत सांगता येणे शक्यच नव्हते, कारण जमीन कोणा एकाची आणि म्हणून विकाऊ, ही कल्पनाच त्या समाजात नव्हती. ते पुनी आणि ते व्हारेपौरी यांसारख्या प्रमुखांनी पाहुण्यांना जागा दिली ती व्यापार वाढेल आणि शत्रूंपासून संरक्षण मिळेल या अपेक्षेने. वसाहतवाल्यांच्या पहिल्या झोपड्या उभारायलाही माओरींचेच हात लागले.

पार्नेलचे जहाज बंदरात शिरले त्याच्या दोनच दिवस आधी, ६ फेब्रुवारी १८४० रोजी, दूर उत्तरेला वैतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात तह झाला. जमिनीचा ताबा माओरींकडेच राहील, अशी हमी त्यात होती. पुढे काय झाले? कंपनीने गावाचा नकाशा लंडनमध्ये आखला होता, तो माओरींच्या वस्त्यांवर आणि लागवडीवर पसरण्यात आला. दर दहा वाट्यांपैकी एक माओरींसाठी राखण्याचे आश्वासन होते. तेही नीट पाळले गेले नाही. १८४६ मध्ये हट खोऱ्यात, ज्या खोऱ्याच्या रस्त्यावर मजुरांनी आठ तास राखले त्याच खोऱ्यात, जमिनीवरून लढाई झाली. तेथे राहणाऱ्या गणांना हुसकावण्यात आले. २००३ मध्ये वैतांगी न्यायाधिकरणाने या बंदराविषयीच्या अहवालात १८३९ ची ती खरेदी अवैध असल्याचा निर्वाळा दिला, आणि २००८ मध्ये सरकार व तेथील गण यांच्यात नुकसानभरपाईचा करार झाला. म्हणजे खरेदीचे कागद झाल्यावर एकशे एकोणसत्तर वर्षांनी!

पार्नेलने ही जमीन लुबाडली, असे मी म्हणत नाही. सुताराने साम्राज्य उभे केले नव्हते. परंतु त्याचा सौदा ज्या टंचाईवर उभा होता, ती टंचाई कशामुळे होती हे विसरता येत नाही. इंग्रज मजूर तेथे दुर्मिळ होता, कारण तो परक्यांच्या देशात नव्याने वसवला जात होता. किनाऱ्यावर जाऊन पार्नेल ज्यांना सांगत होता ते सगळे जहाजांतून उतरणारे होते. किनाऱ्यावर आधीपासून उभे असलेल्यांना तो ठराव आपला वाटण्याचे कारण नव्हते. एका माणसाला दिवसाचे आठ तास स्वतःचे मिळाले, त्याच काळात दुसऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन परकी झाली. या दोन घटना एकाच बंदरात, एकाच दशकात घडल्या. मालकाची घंटा ओळखणारा कामगार कंपनीचा नकाशा ओळखू शकला नाही. यात त्याचा वैयक्तिक दोष किती, हे ठरवण्यात मला रस नाही. पण ज्या चळवळीला आपला इतिहास सांगायचा आहे, तिने तो अर्धा सांगू नये.

आणखी एक वर्तुळ या आठ तासांच्या बाहेर राहिले. गावात सुतार, गवंडी, लोहार यांचा दिवस पाचला संपे. पण त्यांच्या घरातील बायकांचा दिवस कधी संपे? मेरी ॲन पार्नेलचे तास कोणी मोजले नाहीत. घरगडी, शेतमजूर, खलाशी हेही या रिवाजाबाहेरच राहिले. शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची कथा तर फार बोलकी आहे. १८७३ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून कर्मशाळांतील स्त्रियांना दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. जे पुरुषांना कायद्याने मिळाले नव्हते ते स्त्रियांना कायद्याने मिळाले! आणि तरी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ड्युनेडिनमध्ये शिंपिणी दिवसभर कर्मशाळेत शिवून रात्री उरलेले कपडे घरी नेत होत्या आणि दिव्याखाली बोटे सोलवटत होत्या. नगाला मिळणारी मजुरी इतकी कमी की, आठ तासांत पोट भरत नव्हते. रदरफोर्ड वॉडेल या धर्मोपदेशकाने १८८८ मध्ये ‘स्वस्ताईच्या पापा’वर प्रवचन केले, वृत्तपत्रांनी विषय उचलला, आणि १८८९ मध्ये शिंपिणींची संघटना उभी राहिली. हॅरिएट मॉरिसन ही तिची खंदी कार्यकर्ती. तेव्हा कोठे मजुरीचे दर आणि तास यांना आधार आला.

सुताराकडे कायदा नव्हता, पण एकजूट होती, म्हणून आठ तास टिकले. शिंपिणीकडे कायदा होता, पण एकजूट नव्हती, म्हणून सोळा वर्षे तो कागदावर राहिला. कायदा नको असे मी म्हणत नाही. कायद्यासाठी आपण लढलो आहोत आणि लढणार आहोत. कायद्याच्या मागे उभा राहणारा माणूस हवा, एवढेच मला म्हणायचे आहे.

पार्नेलचे शेवटचे वर्ष पाहण्यासारखे आहे. सुतार म्हणून आणि शेतकरी म्हणून त्याने वेलिंग्टनच्या परिसरात आयुष्य काढले. दोन लग्ने झाली. मूलबाळ झाले नाही. गावाला त्याची आठवण झाली ती पन्नास वर्षांनी. १८९० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बंदरांत खलाशी व गोदी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. संप पराभवाकडे झुकत असतानाच २८ ऑक्टोबर १८९० रोजी कामगारांनी मिरवणुका काढल्या. वेलिंग्टनच्या मिरवणुकीत ऐंशी वर्षांच्या पार्नेलला चार घोड्यांच्या गाडीत बसवले होते. नोव्हेंबरमध्ये संप मोडला. डिसेंबरच्या निवडणुकीत कामगारांच्या मतांनी उदारमतवाद्यांना बळ दिले. १७ डिसेंबरला पार्नेल वारला, आणि हजारो लोक त्याच्या अंत्ययात्रेला गेले. पुढच्या दशकात उदारमतवादी सरकारने कामगार कायद्यांची मालिका केली. १८९९ च्या कायद्याने श्रमिकदिनाची सार्वजनिक सुटी ठरली आणि १९०० पासून ती पाळली जाऊ लागली. आजही न्यूझीलंडमध्ये हा दिवस मे महिन्यात नसून ऑक्टोबरमध्ये असतो, त्याचे मूळ या मिरवणुकीत आहे.

पराभूत होत असलेल्या संपाच्या मध्यावर कामगारांना हा म्हातारा का आठवला असेल? मला वाटते, हरतानाही आपण एकदा जिंकलो होतो याची साक्ष त्यांना डोळ्यांपुढे हवी होती. आठवणींचे हेही एक काम असते.

हेच १८९० साल आपल्या मुंबईतही महत्त्वाचे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी सहा वर्षे अर्ज, सभा आणि आंदोलन करून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. एकीकडे आठ तासांची पन्नाशी साजरी होत होती, तेव्हा त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या बंदरात आठवड्यातून एक दिवस श्वास घेण्याचा हक्क पहिल्यांदा मिळत होता. ही तफावत पुढे कराराच्या भाषेतही उतरली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली आणि तिचा पहिलाच करार दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा झाला. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेला गेले होते. परंतु त्याच करारात ब्रिटिश भारतासाठी वेगळे कलम होते: आठवड्याला साठ तास. गोऱ्या सुताराला जे मिळाले ते काळ्या गिरणी कामगाराला मिळायला पुन्हा वेगळा लढा द्यावा लागला, आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आपल्या कायद्यात आला तो १९४० च्या दशकात.

आणि आता तोच प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. ‘संमती’ हा शब्द मी मघाशी वापरला होता. १८३३ च्या अर्थशास्त्र्यांच्या तोंडी तो होता. कंत्राटी कामगार, ज्याचे नाव उद्याच्या हजेरीपटावर असेल की नाही हे मुकादम ठरवतो, तो संमती देणार नाही तर काय करणार? मालकाच्या पाठीशी बेकारांची फौज उभी असताना एकेकट्याने दिलेली संमती म्हणजे लंडनची सहाची घंटाच आहे.

आपल्या बाजूला पार्नेलची टंचाई नाही. आपल्या फाटकावर तीन सुतार नसून तीन हजार उभे आहेत. म्हणून त्याचे पहिले उत्तर, ‘आपण लंडनमध्ये नाही’, हे आपल्याला देता येणार नाही. आपण लंडनमध्येच आहोत. आपल्याला उपयोगी पडेल ते त्याचे दुसरे काम: माणूस मालकाच्या दारात पोहोचण्यापूर्वी त्याला गाठणे, आणि आपला रिवाज त्याचाही आहे हे त्याला पटवणे. ते करताना त्याच्या हातून जे राहून गेले तेही लक्षात ठेवायचे. रिवाज सांगायला जाल तेव्हा फक्त जहाजातून उतरणाऱ्याला गाठू नका. किनाऱ्यावर आधीपासून उभा असलेला, ज्याची जमीन प्रकल्पाखाली गेली आहे तोही, आणि दिव्याखाली शिवत बसलेली बाईही, यांना आपल्या ठरावात जागा असली पाहिजे. नाहीतर आपलेही आठ तास दुसऱ्या कोणाच्या अंधारावर उभे राहतील.

उद्या पहाटे औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर पहिली पाळी आत जाते. कोण कोण येणार, याची नावे सभा संपल्यावर चिटणीसांकडे द्यावीत, एवढी विनंती करून मी थांबतो.